एवढीशी झडप

टण्! कुणाच्या तरी हातून पळी निसटली आणि एकेचाळीस माणसांनी श्वास रोखला. मीही रोखला असता. पण मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गढी आहे. मला फक्त करकरता येतं.

पेनसिल्व्हेनियातल्या एका ओढ्याकाठी नऊ कुटुंबांनी मला उभं केलं. ओकचे ओंडके पुरुषांनी खांद्यावरून वाहिले, फटी बायकांनी चिखल आणि शेवाळानं लिंपल्या. त्यांची बोटं अजून माझ्या अंगावर उमटलेली आहेत. माझा वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, टोपी कपाळावर ओढल्यासारखा. डोंगरापलीकडची टोळी चालून आली की तीनदा बंदूक वाजे आणि सगळी वस्ती माझ्याकडे धावत सुटे.

एरवी माझ्यात कोबी असायचा, जवसाच्या पेंढ्या असायच्या आणि भांडणं.

"माझ्या कोपऱ्यात तुझा कोबी नको हं, जेनेट!"

"तुझा कोपरा? गढी काय तुझ्या बापानं बांधली?"

"निम्मी त्यानंच बांधली! विचार आर्ची आजोबांना."

लग्नात तर नाचून नाचून माझ्या फळ्यांचे खिळे वर यायचे. मला ते फार आवडायचं.

आणि दर शरदात हॅना यायची. ती लेनापे, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. आम्ही येण्याआधीपासून तिच्या आज्या या ओढ्यावर मका लावत. टोपल्या घेऊन ती माझ्या उंबऱ्यावर बसे. तिची लेक आणि जेनेटची पाच वर्षांची इझबेल त्याच टोपल्यांत शिरून खेळत.

त्या दुपारी तीनदा बंदूक वाजली, सगळी वस्ती माझ्यात दडली आणि अडसर पडला. मग ती पळी पडली आणि पाठोपाठ दार वाजलं. बाहेर हॅना होती, कडेवर लेक. टोळीच्या हल्ल्यांनी चिडलेल्या खालच्या खोऱ्यातल्या गोऱ्यांनी तिची झोपडी जाळली होती. जंगलात टोळी होती आणि गोऱ्यांना टोपल्या विकते म्हणून त्यांचाही तिच्यावर राग. ती जाणार कुठे?

"दार उघडा," जेनेट म्हणाली.

आर्ची आजोबा अडसराला पाठ लावून उभे राहिले. "एकदा पडलेला अडसर निघत नाही, पोरी. तिच्यामागे चाळीस जण दबा धरून असले तर?"

"आणि नसले तर?"

"तर उद्या मी तिची माफी मागेन."

"कुणाची? तिची, की तिच्या थडग्याची?"

कुणी हललं नाही. मित्रांनो, ही सगळी माझीच माणसं होती, मायाळू होती. पण भिऊन गेली होती.

जेनेट शिडी चढून वर आली. माझ्या पुढे आलेल्या मजल्याच्या तळाला एक अरुंद झडप आहे. खाली कुणी आग लावली तर वरून पाणी ओतायला, नाहीतर बंदुकीचा नेम धरायला. जेनेटनं ती उघडली आणि शालीला पीळ देऊन खाली सोडली. हॅनानं लेकीच्या काखेखालून गाठ मारली. पोर वर आली, खांदा जरा खरचटला. हॅना मात्र मावणार नव्हती. तिनं एकदा वर पाहिलं आणि मक्याच्या शेतात दिसेनाशी झाली.

टोळी आली, गोठे पेटवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी हॅना परत आली. अंगभर चिखल, पण धड. आजोबांनी टोपी काढली, बोलायला तोंड उघडलं. ती थांबलीच नाही. लेकीला पाठीशी बांधून चालू लागली. पुढच्या शरदात माझा उंबरा रिकामाच राहिला.

आता माझं छप्पर गळतं. बंदुकांच्या जागी कोंबड्या बसतात. मला सांभाळायचंच असेल, तर आधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाला. बंद करायला नव्हे. चटकन उघडता यावं म्हणून.

एक सांगायचं राहिलंच. त्याच वर्षी जेनेट कोबी ठेवायला आली होती. इझबेल झडपेपाशी पालथी पडून खाली बघत होती.

"आई, हॅना मावशीला का नाही गं वर घेतलं?"

"झडप एवढीशीच आहे ना, राजा. ती मावली नसती."

इझबेलनं झडपेत हात घालून पाहिला. मग मान वर केली.

"पण आई, दार तर मोठं होतं ना?"