सात सेंटिमीटरचा सूड

मी तुफानच्या उजव्या मांडीतला रॉड बोलतोय, टायटॅनियमचा. सूड कसा पोसला जातो हे मला विचारा. पाच महिने मी त्याच्याच घरात राहिलोय.

इस्तंबूलच्या दवाखान्यात डॉक्टर बेरिनबाईंनी उंची वाढवणाऱ्या आम्हा तिघा रॉडना टेबलावर मांडलं होतं. पहिला, पाय पिळला की कटकट वाजत लांबणारा. जीव काढतो मेला. दुसरा पोलादी, अंगावर भार घेणारा, पण परदेशातून यायला दीड महिना. तिसरा मी. माझ्या पोटात लोहचुंबक, मांडीवर यंत्र धरलं की रोज एक मिलिमीटर सरकतो. "पण हाड भरेपर्यंत कुबड्या सोडायच्या नाहीत," बाईंनी तीनतीनदा बजावलं.

तुफाननं मलाच निवडलं. त्याला दीड महिना थांबायचं नव्हतं.

त्याआधी सेझीनला मागणी घालायला तो गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून तिनं मीठ घातलेली कॉफी पुढे केली. पठ्ठ्यानं तोंड वाकडं न करता ती संपवली. तरी तुफानहून सात सेंटिमीटर उंच असलेला तिचा भाऊ ओरहान सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्याशेजारी आमच्या बहिणीनं काय उंच टाचा सोडून जन्मभर अनवाणी चालायचं, दादा?" वडीलधारी खो खो हसली. पुढे सेझीनचं दुसरीकडे जमलं, तारीखही निघाली. त्या लग्नात ओरहानच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, एवढंच तुफानला हवं होतं.

दोन्ही मांड्यांची हाडं कापून आम्हा जुळ्यांना आत बसवलं. सत्तर दिवस तो उशी चावत होता आणि ओरहानला शिव्या घालत होता. खरं सांगतो, ऐकून ऐकून मलाही त्या ओरहानचा राग आला. सरकताना मीही दात-ओठ खात होतो.

लग्नाला जाताना त्यानं कुबड्या टॅक्सीतच ठेवल्या. माझ्याभोवतीचं हाड अजून कच्चं होतं. घामानं निथळत तो ओरहानसमोर ताठ उभा राहिला. नजर अगदी समोरासमोर.

ओरहाननं त्याला मिठी मारली. "किती वाळलास रे, दादा. आलास, बरं वाटलं."

वाढलेली उंची ओरहानच्या लक्षातच आली नव्हती. आपला टोमणाही तो कधीच विसरून गेला होता.

तेवढ्यात ढोल-सनई सुरू झाली. करंगळीत करंगळी अडकवून माणसं नाचायला रांगेत उभी राहिली. तुफानचं डोकं फिरलं. ओरहानची करंगळी धरून तो असा पाय आपटू लागला की जणू जमीनच त्याची वैरीण. तिसऱ्या ठेक्याला मी मोडलो.

ओरहाननं त्याला लेकरासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि भर वऱ्हाडातून बाहेर नेलं. तुफान दात आवळून एकच म्हणत होता, "खाली ठेव मला."

आता त्याच्या मांडीत पोलादी भाऊबंद आहे आणि मी बाईंच्या कपाटात दोन तुकड्यांत. बाई, नव्या माणसाला रॉड दाखवण्याआधी एवढं विचारत जा, की उंची नक्की कुणाला दाखवायची आहे. त्यानं कुणा एकाचं नाव घेतलं, तर त्याला आल्या पावली घरी पाठवा.