उरलेले प्रयत्न दोन

काउंटर क्रमांक तीनवर त्या दुपारी एक संगणक होता, एक प्रिंटर, दोन खुर्च्या (एकीचा हात तुटलेला), सॅनिटायझरची अर्धी बाटली आणि माझी लांब वही. वहीत चालू महिन्याच्या एकशे सदतीस नोंदी होत्या.

नागपूरच्या धंतोलीतल्या या तपासणी केंद्रात माझं काम एकच आहे. इथले रिपोर्ट ऑनलाइन मिळतात, आणि ज्यांना ते उघडता येत नाहीत ते माझ्याकडे येतात. वही ठेवायला मला कोणी सांगितलेलं नाही. तक्रार, कारण आणि लागलेला वेळ असे तीन रकाने मी माझे मीच आखले. एकशे सदतीसपैकी अठ्ठावन्न जणांनी रक्त देताना मुलाचा नाहीतर जावयाचा नंबर सांगितला होता, त्यामुळे ओटीपी तिकडे जात होता. एकतीस जणांनी शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबला होता. सव्वीस जण पासवर्ड विसरले होते. एकवीस जणांचं नेट बंद होतं. उरली एक नोंद.

ती एका डॉक्टरबाईंची होती. डॉक्टरांच्या लॉगिनला मेसेजने ओटीपी येत नाही. त्यांच्या फोनमधलं एक ॲप दर तीस सेकंदांनी सहा आकडी नवा कोड दाखवतं. तो कोड कुठून पाठवला जात नाही, फोन स्वतःच्या घड्याळावरून तो तयार करतो, आणि पलीकडचा सर्व्हर त्याच्या घड्याळावरून. दोन्ही घड्याळं जुळली तर कोड जुळतो. बाईंच्या मुलीने गेममध्ये जास्तीचे जीव मिळावेत म्हणून फोनची वेळ पुढे ढकलली होती. हे असं होतं हे मलाही तोवर माहीत नव्हतं. कारण: घड्याळ. लागलेला वेळ: दोन मिनिटं.

चार वाजून नऊ मिनिटांनी दामिनी आली.

एम.एस्सी.ची दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. ती काटोलहून बसने यायची, मी शहरातल्याच इंदोऱ्याहून सायकलने. आमच्या प्रयोगशाळेत सहा स्पेक्ट्रोमीटर होते आणि त्यातला फक्त चौथा धड होता. जो आधी पोचेल त्याला तो मिळायचा. पहिल्या सत्रात तो मला मिळत होता. दुसऱ्या सत्रापासून, साठ किलोमीटरवरून येणारी दामिनी रोज माझ्याआधी तिथे बसलेली असायची. हे कसं झालं ते मला कधीच कळलं नाही. शेवटच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले.

आणि आता ही जागा. पुण्याकडच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी एकच जागा निघाली होती, आम्ही दोघींनी अर्ज केला होता. निवड तिची झाली. प्रतीक्षा यादीत पहिला क्रमांक माझा. आईने "एक नंबर म्हणजे झालंच समजा" असं गल्लीभर सांगून टाकलं होतं. दामिनीने त्याच आठवड्यात लाल ट्रॉली बॅगचा फोटो स्टेटसला ठेवला. मी तो अकरा वेळा पाहिला. कितीही वेळा पाहिलं तरी पाहणाऱ्यांच्या यादीत नाव एकदाच येतं, तेवढी सोय आहे.

निवडपत्रातलं एक वाक्य मला पाठ होतं. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उमेदवाराने आपल्या खात्यात जाऊन 'स्वीकार' हे बटण दाबलं नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला दिली जाईल.

तो मंगळवार होता.

"मोनाली, वाचव वं बाई," दामिनी तुटक्या हाताच्या खुर्चीत बसली. तिला धाप लागली होती. "सकाळपासून कोड टाकून राहिली, घेतच नाही. तीनदा झालं. आता लिहून येते, उरलेले प्रयत्न दोन. पाचवा चुकला की चोवीस तास बंद."

"त्यांच्या ऑफिसला फोन केला?"

"सात वेळा. रिंग जाते नुसती."

शेजारच्या टेबलावर रक्त घेणाऱ्या शोभाताईंनी एका बाईच्या दंडाला पट्टा बांधता बांधता मान वर केली. "घाबरू नको वं पोरी. आमची मोनाली लोकायचे अकाउंट डोळे मिटून खोलून देते."

दामिनीने फोन काउंटरवर ठेवला. नवा, निळसर फोन. त्यावर चार वाजून सोळा मिनिटं झाली होती. माझ्या संगणकाच्या कोपऱ्यात चार वाजून नऊ.

दोन्ही आकडे मी एकदा पाहिले. समजायला तीन सेकंद लागले असतील. तिचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, आणि संस्थेच्या लॉगिनलाही डॉक्टरबाईंसारखंच कोडचं ॲप लागतं. वर्गात सगळ्यांना ते ठाऊक होतं, सगळे हसायचे, बस चुकू नये म्हणून ठेवते म्हणायचे.

"हे ॲप कधी जोडलंस?" मी विचारलं.

"फोन घेतला त्याच दिवशी. तेव्हा तं झटक्यात झालं होतं."

"त्यानंतर काही बदललं?"

"काहीच नाही."

काउंटरच्या आतल्या बाजूला मी एक यादी चिकटवली आहे. लॉगिन होत नसेल तर काय काय तपासायचं, त्याच्या नऊ पायऱ्या. घड्याळ त्यात नववं आहे, कारण ते तोवर एकदाच निघालं होतं.

"आधी ब्राउझर बदलून पाहू," मी म्हणाले.

मग मी सगळं केलं. ब्राउझरमधला जुना साठा पुसला. तिचा फोन बंद करून चालू केला. अर्ज क्रमांकाचे बारा आकडे मोठ्याने वाचून घेतले, दोनदा. पासवर्ड टाकताना मोठी अक्षरं लागलेली नाहीत ना ते पाहिलं. ॲपमध्ये दिसतं ते खातं याच संस्थेचं आहे ना ते पाहिलं. सुरुवातीला मिळालेले राखीव कोड कुठे लिहून ठेवले होते का विचारलं, तर तिने कपाळाला हात लावला. यातली एकही पायरी चुकीची नव्हती. कोणीही यादी समोर ठेवून तपासलं असतं तर असंच तपासलं असतं.

चार चोवीसला ती म्हणाली, "आता टाकू?"

नको म्हणायला मला पुरेसा वेळ होता. तिने सहा आकडे टाकले, एकेक, बोट उचलून.

कोड चुकीचा आहे. उरलेले प्रयत्न एक.

दामिनीने ओढणीने फोनची काच पुसली, जणू काचेवरच काही बसलं होतं.

"काय झालं वं आज?" शोभाताई म्हणाल्या. "तुया हाताले यश नाही का?"

"पाहून राहिली ना ताई."

तेवढ्यात उमरेडचे ताराचंदजी काउंटरशी आले. त्यांचं टोकन अजून लागायचं होतं. तरी मी त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवलं. त्यांचा ओटीपी जावयाच्या फोनवर जात होता आणि जावई शेतात होता. जावयाला फोन लावला, तो उचलेना, परत लावला, मग त्याने आकडे सांगितले, ते ताराचंदजींना ऐकू आले नाहीत, मग मी ऐकले. रिपोर्ट छापून दिला. साखर किती, ते समजावून सांगितलं. ते काम माझं नाही.

"लई गुणाची पोरगी आहे," ताराचंदजी दामिनीला म्हणाले. दामिनीने मान हलवली.

ते गेले तेव्हा चार पस्तीस झाले होते. मी नोंद क्रमांक एकशे अडतीस लिहिली. जावयाचा नंबर, नऊ मिनिटं.

मला त्या वेळी काय वाटत होतं ते मी नीट सांगू शकते. मी पुण्यातली खोली पाहत होते. खिडकी, टेबल, त्यावर माझं नाव लिहिलेली प्रयोगवही. या खोलीत पोचायला मला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचंही नव्हतं. फोन तिच्याच हातात होता, घड्याळ तिच्याच डोळ्यासमोर होतं. मला फक्त पंचवीस मिनिटं पायऱ्या क्रमाने घ्यायच्या होत्या.

"ॲप अपडेट करून पाहू," मी म्हणाले. ती आठवी पायरी होती.

अपडेटचं वर्तुळ फिरत राहिलं. इथे तळमजल्यावर रेंज कमी येते. दामिनी वर्तुळाकडे पाहत म्हणाली, "मले माहीत आहे, वेटिंगवर एक नंबर तू आहे."

मी वहीचं पान सरळ केलं.

"आपल्या वर्गातल्या नूपुरनं सांगतलं. तुया आईनं तिच्या आईले सांगतलं म्हणते." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "बसमध्ये विचार करत आली मी. जाऊ का नको तिच्याकडे. कोंढाळीच्या फाट्यावर उतरूनच जाणार होती परत."

"मग काहून आलीस?"

"दुसऱ्या कोणाले येते हे? आमच्या काटोलच्या नेटवाल्यानं सांगतलं, फोन विकून टाका." ती हसली, मग तिचं हसणं मध्येच थांबलं. तिने स्वतःच्या फोनवर वेळ पाहिली. "बाप रे, पावणेपाच होऊन गेले." मग माझ्या संगणकाकडे पाहिलं. "नाही, चार एकोणचाळीसच आहे. माया तं पुढे राहते."

हे वाक्य तिनेच उच्चारलं होतं. त्यावर आणखी एक सेकंद थांबली असती, तर तिला माझी गरज उरली नसती. मी ते सोडून देऊ शकत होते. पण दोन वर्षांपासून एक गोष्ट मला कळलेली नव्हती, आणि न कळलेली गोष्ट मला सोडवत नाही.

"अजून पुढेच ठेवतेस? आता कुठे बस पकडायची असते?"

"बससाठी कशाले?" ती म्हणाली. "तुयासाठी."

"माझ्यासाठी?"

"पहिल्या सेममध्ये तू रोज चार नंबरवर बसलेली राहायची. मले इतका राग यायचा ना तुया! एकदा दोन दिवस मी मामाकडे राहिली नागपुरात आणि सकाळी लॅबच्या दारामागं उभी झाली, पाहाले का ही येते तरी केव्हा. तू आठ त्रेपन्नले आली. दुसऱ्या दिवशी पण आठ त्रेपन्न. मी तिथंच उभ्या उभ्या घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. मायावर नऊ वाजले की इकडे आठ त्रेपन्न. मंग मले घरून निघतानाच वाटे का तू पोचली. पळतच सुटायची मी. पहिली बस रोज चुकायची, ती भेटाले लागली."

वर्तुळ फिरायचं थांबलं. ॲप अपडेट झालं होतं.

"कॉलेज सुटलं तरी ते तसंच राहिलं," ती म्हणाली. "हा फोन घेतला तं दोन दिवस बरोबर वेळ होती. चुकल्याचुकल्यासारखं वाटे. तिसऱ्या दिवशी पुन्हा करून टाकली."

आठ त्रेपन्न. मी रोज तेव्हा पोचायचे हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. मी ते कधी मोजलं नव्हतं.

"एक सांगू?" दामिनी म्हणाली. "मी तुया जागी राहिली असती तं तुले सांगतलं नसतं. कारण कळलं असतं तरी बी. म्हणली असती, नाही होत वं बाई, जाय घरी."

तिने हे ज्या सहजपणे सांगितलं, त्याचाही मला हेवा वाटला. मला ते असं कोणालाच सांगता आलं नसतं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की चार नंबरचं यंत्र, अकरा गुण, निवड, लाल बॅग, हे सगळं तिच्या नावावर लागल्यावर तिच्या पुढे राहायला मला एकच गोष्ट उरली आहे, आणि तीही मी हातची घालवत आहे.

"फोन दे," मी म्हणाले.

सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ उघडलं. 'नेटवर्कची वेळ वापरा' यापुढचं बटण डावीकडे होतं. ते उजवीकडे केलं. चार चौपन्नचे चार सत्तेचाळीस झाले.

दामिनीने आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्या संगणकाच्या कोपऱ्याकडे. तीही पदार्थविज्ञानाचीच. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"इतकंच होतं?"

"इतकंच."

"मोनाली," तिचा आवाज अगदी खाली आला होता, "तुले हे केव्हा कळलं?"

शोभाताईंच्या टेबलावरचं सुईचं पाकीट फाटल्याचा आवाज आला. त्याही ऐकत होत्या.

"कोड टाक," मी म्हणाले. "बावीस सेकंद उरले."

तिने आकडे टाकले. या वेळी बोट उचललं नाही. पान एकदा पांढरं झालं आणि मग तिचं नाव आलं, अर्ज क्रमांक आला, खाली हिरवं बटण. तिने ते दाबलं. स्वीकार नोंदवला गेला आहे. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

"झालं वं!" शोभाताई म्हणाल्या. "पेढे आण आता पोरी."

"आणते ना ताई." दामिनी उठली. पर्स उचलली, परत ठेवली. काउंटरवरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला आणि काढून घेतला. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाली, "साडेपाचची बस आहे. निघते." आणि फोनमध्ये वेळ पाहून ती धावायला लागली.

टोकनच्या पाटीवर पुढचा आकडा लागला. तो माणूस बसेपर्यंत मी वही ओढली आणि नोंद क्रमांक एकशे एकोणचाळीस लिहिली.

तक्रार: कोड चालत नाही. कारण: घड्याळ सात मिनिटं पुढे. लागलेला वेळ: एकोणचाळीस मिनिटं.