तुमी बाजूक व्हा

जयवंताच्या वकिलाने तेच तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा साक्षीला उभ्या असलेल्या प्रेमाचं डोकं फिरलं.

"त्या दुपारी आरोपी दारूने झिंगला होता, हे खरं ना?"

"प्यायला होता. झिंगला नव्हता."

वकील हसला. त्याला चप्पल फेकून मारावी, असं तिला वाटलं. मुलुंडच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या जयवंताने तिच्या नवऱ्याच्या, दशरथच्या पोटात सुरा खुपसला होता. तेही आदल्या दिवशीच्या नळावरच्या भांडणाचा राग धरून. आणि वर्षभर जो तो तिलाच समजावत होता, माणूस वाईट नाही गं, दारूने घात केला. जसं काही दारूच सुरा घेऊन चालत आली होती! आता वकीलही तेच गात होता. नशेत मारायचा हेतू नव्हता, म्हणून हा खून नव्हे. कोर्टाला ते पटलं, तर चार-सहा वर्षांत जयवंत पुन्हा शेजारी राहायला येणार होता.

"त्याला भान होतं, हे कशावरून सांगता?"

"मी मध्ये पडले, तर म्हणाला, 'वैनी, तुमी बाजूक व्हा.'"

न्यायाधीशांनी ते इंग्रजीत सांगितलं, टायपिस्टने टकटक केली.

"साहेब, 'तुमी' लिहिलंत ना?"

"इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, बाई."

"मग काय उपयोग?" प्रेमा कडाडली. "हा झिंगला की अख्ख्या चाळीला अरे-तुरे करतो. मला 'गो प्रेमा' म्हणतो. शुद्धीवर असला तरच वैनी नि तुमी. त्या दिवशी हातात सुरा, नि मला मान देत होता मेला! कुणाला मारायचं नि कुणाला नाही, चांगलं ठाऊक होतं त्याला!"

वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं आणि पेन उघडून टाइप केलेल्या ओळीच्या वर ते चार शब्द मराठीत लिहिले.

सही करण्याआधी प्रेमाने ते बोटाने शोधले. मग खाली उतरून ती आरोपीच्या पिंजऱ्यापाशी थांबली. आजवर तिने त्याला भावोजीशिवाय हाक मारली नव्हती.

"माका दारू चढलेली नाय, जयवंता," ती म्हणाली. "तरी तुका अरे-तुरे करतंय."