बसवून ठेवलेलं जहाज

दर रविवारी दुपारी दादाचा फोन यायचा, आणि नेमकी दर रविवारी दुपारीच ठमीला इस्त्रीची आठवण व्हायची.

फोन तिला नव्हे, आईला यायचा. आईला कमी ऐकू येई, म्हणून ती फोनचा स्पीकर पूर्ण मोठा करून तो उशीवर ठेवायची आणि समोर माणूस बसल्यासारखी त्याच्याशी बोलत राहायची. त्याच खोलीच्या कोपऱ्यात ठमी इस्त्रीचं टेबल उघडायची. टेबलाचा एक पाय सैल होता. इस्त्री पुढे गेली की तो कुरकुरायचा, मागे आली की पुन्हा कुरकुरायचा. त्यात तेल घालायचं कधीपासून राहून गेलं होतं. ऑफिसचे कपडे संपले की ती उशांचे अभ्रे घ्यायची आणि अभ्रे संपले की भांडी पुसायची फडकी. एवढं कापड या घरात येतं तरी कुठून, असं आईने एकदा विचारलंही. दादाचा गुडघा कसा आहे, जहाजावरच्या नव्या स्वयंपाक्याचा मिठाचा हात किती सैल आहे, हे सगळं ठमी फडक्यांवरून इस्त्री फिरवत ऐकायची. आपलं नाव निघतंय का, इकडे तिचा कान असायचा. पण ते कधी निघत नसे.

घराबाहेर तिला कोणी ठमी म्हणत नसे. बाहेर ती मॅडम होती. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं तीन खोल्यांचं ऑफिस होतं. कुठे जहाज रुतलं, आपटलं, कलंडलं की जहाजाचे मालक आधी इथे फोन फिरवायचे. कंपनी एका निवृत्त कप्तानाची. सगळे त्यांना साहेब म्हणत. समुद्र माझा, आकडे तुझे, अशी त्यांनी कामाची सरळ वाटणी करून टाकली होती. कुठल्या टाकीत किती पाणी शिरलं, जहाज किती झुकलं, आणखी किती सोसेल, हे ठमी कॉम्प्युटरवर मांडून सांगायची. ज्या जहाजांना तिने वाचवलं त्यांतलं एकही तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. खालच्या डॉक्टरचं बरं होतं, त्याला निदान जबडा दिसायचा.

भावाबहिणीचं बिनसलं तेही या आकड्यांपायीच. दादाला समुद्र शिकवला तो एका जुन्या कप्तानाने. दादा त्याला वस्ताद म्हणायचा आणि बापाच्या जागी मानायचा. या वस्तादाचं जहाज एकदा खडकावर चढलं. म्हातारा इरेला पेटला. पुढच्या भरतीला त्याने इंजिन पूर्ण जोराने उलटं फिरवलं आणि जहाज ओढून काढलं. निघालं खरं, पण तळ फाटलेला होता आणि त्या भोकात खडकच बूच होऊन बसला होता. बूच निघालं आणि खोल पाण्यात जहाज बुडालं. माणसं सगळी वाचली. चौकशी बसली, तेव्हा जाणकार म्हणून ठमीला बोलावलं. जहाज होतं तिथेच बसवून ठेवलं असतं तर वाचलं असतं का, एवढाच प्रश्न होता. ती हो म्हणाली. त्यानंतर वस्तादाला कोणी जहाज दिलं नाही, आणि त्या धक्क्यातून तो उठला नाही. खुर्चीत बसून समुद्र शिकवणाऱ्यांशी मला बोलायचं नाही, एवढं दादा म्हणाला आणि तेव्हापासून खरंच बोलला नाही. ठमीचं चुकलं नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं आणि जगालाही. पण आपलं बरोबर होतं एवढ्यावर माणसाचं भागत नाही. तिला दादा हवा होता.

आणि मग एका सकाळी, ती चहाचा कप घेऊन नुकती टेकली होती तेव्हा, ऑफिसचा आणीबाणीचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाने जहाजाचं नाव सांगितलं, जागा सांगितली, सिमेंटचा माल भरलाय, नाकाकडून खडकाळ उथळावर चढलोय, म्हणाला. तिने पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. हाच आवाज दर रविवारी उशीवरून यायचा.

"मॅडम, ऐकू येतंय ना?" दादाने विचारलं.

त्यानेही आवाज ओळखला होता. त्या 'मॅडम'च्या आधी तो जरासा अडखळला, त्यावरूनच तिला ते कळलं. पण लाइनवर मालकाचा माणूस होता, बोलणं रेकॉर्ड होत होतं, आणि दादाच्या आजूबाजूला त्याचे अधिकारी उभे असणार. तीही म्हणाली, "येतंय, कॅप्टन. सांगा."

फोन धरून ठेवायला सांगून ती आधी साहेबांच्या खोलीत गेली आणि हा माझा सख्खा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या, म्हणाली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. आकडे दुसरा कोण करणार, असं त्यांनी विचारलं आणि मालकाला स्वतः सगळं सांगितलं. मालकाला भाऊबहिणीशी देणंघेणं नव्हतं, त्याला जहाज हवं होतं. भाऊ आहे म्हणजे तुझं ऐकेल तरी, असं साहेब वर म्हणाले. ठमीने जाऊन पुन्हा फोन उचलला.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सगळं तसंच होतं, वस्तादाच्या जहाजासारखं. पुढच्या दोन टाक्या फाटलेल्या, खाली खडक, समुद्राकडून वारा वाढत चाललेला, संध्याकाळी भरती. ओढायला लागणाऱ्या टगबोटी दुसऱ्या दिवशीच पोचणार होत्या. दादाचा बेतही तोच होता. भरती आली की उलटं इंजिन टाकून निघायचं. वारा आणखी वाढला तर जहाज आडवं फिरेल आणि खडकावर आपटून आपटून मोडेल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"कॅप्टन, निघायचं नाही," ठमी म्हणाली. "उलट जहाज जड करा. पुढच्या रिकाम्या टाक्यांत पाणी भरा. ते खडकावर दाबून बसलं पाहिजे, म्हणजे आपटणार नाही आणि फिरणारही नाही. उद्या टगबोटी आल्यावर पाणी काढू."

"बुडत्या जहाजात आणखी पाणी भरू म्हणता?"

"बुडत नाहीये ते. बसलंय. आज ओढलंत तर बुडेल."

पलीकडे शांतता पसरली. मालकाचा माणूस खाकरला. ही शांतता कशाची आहे हे त्या लाइनवर फक्त ठमीला कळत होतं. आपलं ऐकायचं म्हणजे वस्तादाचं चुकलं होतं हे दादाला मनाशी कबूल करावं लागणार, आणि नाही ऐकलं तर हे जहाजही जाणार. जहाजाबरोबर दादाच्या मनात तो सगळा जुना रागही वर येत असेल, आणि इतकी वर्षं उराशी बाळगलेला राग सोडणं काही टाक्या भरण्याइतकं सोपं नाही.

मग दादा हळूच म्हणाला, "म्हणजे पेटीवर बसायचं. झाकण लागेपर्यंत हलायचं नाही."

ठमीचे डोळे एकदम भरून आले. दादा पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा आईने त्याच्या पत्र्याच्या पेटीत इतकं कोंबलं होतं की झाकण लागेना. तेव्हा गुटगुटीत ठमीला उचलून त्याने पेटीवर बसवलं होतं. बस ठमे, झाकण लागेपर्यंत हलू नकोस. कडी लागली तरी ती उतरली नव्हती. उतरलं की दादा जाणार, एवढं तिला त्या वयातही कळत होतं.

"हो," ती कशीबशी म्हणाली. "तेवढंच."

त्याने टाक्या भरल्या. भरती आली, वारा आला, जहाज जागचं हललं नाही. टाकीत मोजपट्टी सोडून पाणी किती आहे ते बघायचं, याला जहाजावर साउंडिंग म्हणतात. ठमीने दादाला ते दर तासाला कळवायला सांगितलं. बसलेल्या जहाजाला दर चार तासांनी पुरतं, असं साहेबांनी आठवण करून दिली. ती म्हणाली, "असू दे, खबरदारी." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि आपल्या खोलीत निघून गेले. रात्रपाळीच्या माणसालाही तिने घरी पाठवलं. दर तासाला फोन वाजायचा. दादा टाकी आणि आकडा सांगायचा, ती आकडा परत म्हणायची. एवढंच बोलणं. कित्येक वर्षांत ती दोघं एवढंसुद्धा बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टगबोटी आल्या. फाटलेल्या टाक्यांत हवा दाबून भरली, म्हणजे तिने पाणी बाहेर ढकललं, बाकीच्या टाक्यांतलं उपसलं, आणि भरतीला जहाज न कुरकुरता खडकावरून उतरलं. ऑफिसात टाळ्या वाजल्या. जहाज तरंगतंय, पाणी वाढत नाही, टगबोटींबरोबर दुरुस्तीला निघतोय, असं दादाने कळवलं. आता साउंडिंग कळवायची गरज नाही, हे तिला सांगणं भाग होतं. तिने सांगितलं. दादा थांबला. ती फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली. एक शब्द, फक्त एक.

"धन्यवाद, मॅडम," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

ती घरी आली ती तोंड कडू करूनच. लाइनवर माणसं होती, त्याला काही बोलता येत नव्हतं, अशी मनाची समजूत तिने घातली. पण ऑफिसचा फोन सोडला तर तिचा स्वतःचाही एक फोन होता, त्याचा नंबर बदललेला नव्हता, आणि आठवडाभर तो वाजला नाही. पेटीची गोष्ट आपणच मनाने वाढवली, असं तिला वाटू लागलं. माणूस अडचणीत काहीही बोलतो.

रविवार आला. आई उशी सरळ करून फोनची वाट बघत बसली. ठमीने इस्त्रीचं टेबल भिंतीशी मिटलेलंच राहू दिलं. पुरे झालं, असं तिने स्वतःला बजावलं. ज्याला बोलायचं नाही त्याचा आवाज चोरून ऐकायला आपण काय लहान आहोत? ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, दारही लोटून घेतलं. पण स्पीकर एवढा मोठा की दाराला काही अर्थ नव्हता.

दादाने आईला जहाज दुरुस्तीला लागल्याचं सांगितलं. किरकोळ खरचटलंय, म्हणाला. आईने गुडघ्याची चौकशी केली. मग स्वयंपाक्याची झाली. मग दादा मध्येच गप्प झाला. आईने दोनदा हॅलो केलं.

"आई," दादाने विचारलं, "आज ते टेबल कुरकुरत नाहीये?"

"कसलं टेबल?"

"इस्त्रीचं. दर रविवारी कुरकुरतं ते. मी मुद्दाम लांबवून बोलतो तुझ्याशी, ते थांबेपर्यंत. ठमी घरी नाही का? बरी आहे ना ती?"

आईला कुरकुर कधी ऐकूच आली नव्हती. ती गोंधळून दाराकडे बघू लागली. दारात ठमी उभी होती आणि तिचे गाल ओले होते. तिने भिंतीशी मिटलेलं टेबल ओढलं, उघडलं, आणि थंड इस्त्री त्याच्यावरून नुसतीच पुढे मागे फिरवू लागली.

"हां," उशीवरून दादाचा आवाज आला. "आहे."