पाय रोवू नकोस

भिंगरी जिम्नॅस्टिक्सच्या उंच बारखाली उभी राहून तळव्यांना पांढरी पावडर चोळत होती आणि मी तिच्या गुडघ्याकडे बघत होते. भिंगरी माझी भाची. मी तिची मावशीही आणि प्रशिक्षकही, म्हणजे बोलणी दोन्हीकडून मीच खायची. तिच्या उजव्या गुडघ्याचं वर्षापूर्वी ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण बजावून ठेवलं, की उतरताना गुडघा पुन्हा पिरगळला तर खेळ तर जाईलच, धड चालणंही जाईल. तरी निवड चाचणीचा हट्ट. ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, "तू आहेस ना तिथे," म्हणून सगळा घोर माझ्या गळ्यात घातला.

मग आमचा सौदा ठरला. बारवरून सुटून गादीवर उतरल्यावर खिळल्यासारखं उभं राहिलं, तर पंच गुण कापत नाहीत. पाऊल जरासं सरकलं की एक दशांश जातो, मोठं पडलं की तीन दशांश, आणि माणूसच पडलं की अख्खा गुण. भिंगरीनं मुद्दाम एक छोटं पाऊल टाकायचं. तेवढ्यानं झटका पुढे निघून जातो आणि गुडघा वाचतो. ती हो म्हणाली. पण तिचं हो मी ओळखून होते. उतरल्यावर हलायचं नाही, हे मीच तिच्या अंगात भिनवलं होतं, आणि अंगवळणी पडलेलं ऐनवेळी कुठलं सुटतंय?

भीती वाटत होती, सरळ सांगते. त्यात कसरत चालू असताना प्रशिक्षकानं खेळाडूला काही सांगितलं तर अर्धा गुण कापतात. म्हणून तोंडाला कुलूप लावून उभी होते.

सगळं झकास चाललं होतं. शेवटच्या झोक्याला मात्र तिनं बार किंचित उशिरा सोडला. उंची मिळालीच नाही. गिरकी पुरी व्हायच्या आत पाय गादीला लागणार, हे ती हवेत असतानाच मला दिसलं. आणि ती पाय रोवायच्या तयारीत आहे, हेही दिसलं.

"रोवू नकोस, लोळ!"

पाय टेकताक्षणी ती लोळली, पोत्यासारखी, पार गादीच्या कडेपर्यंत. मुख्य पंचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पडल्याचा एक गुण गेला, माझ्या ओरडण्याचा अर्धा, आणि निवडही गेली. भिंगरी तशीच पडून होती. वर खुर्च्यांमध्ये ताई उठून उभी राहिली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग भिंगरी उठली, हात वर करून पंचांना सलामी दिली आणि थेट माझ्यासमोर आली. डोळे लाल झाले होते.

"मी उभी राहिले असते, मावशी. तू घालवलंस."

कदाचित राहिलीही असती.

तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि पाय आपटत जिना चढायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसले. शेवटच्या पायरीपर्यंत मी कान देऊन ऐकलं. दोन्ही पाय सारखेच वाजत होते.