फॉरेनची बाटली

माझ्या मोठ्या जावेच्या, ठकुबाईच्या पोरानं, हरेशनं, दुबईहून तिच्यासाठी डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. काचबिंदू आम्हा दोघींना. डॉक्टर एकच, औषध एकच. आमच्या शेलारांच्या घरात सासऱ्यांपासूनची रीत हाय, जावांना लुगडं येईल ते जोडीनं. मग बाटली एकटीलाच कशी?

माझी सून मृणाली समजवायला आली. "आई, तुमच्या बाटलीत तेच औषध आहे. त्या कंपनीचं पेटंट संपलं, आता कुणीही बनवतं, म्हणून स्वस्त."

"म्हणजे संपलेलं माझ्या डोळ्यात नि ताजं तिच्या? शाब्बास!"

ठकुबाईचा तोरा तर काय सांगू! गणपतीत बाटली फोडली, आलेल्या बायकांना दाखवून दाखवून थेंब घातला. रोज डॉक्टरची बाटली आणि सणावाराला, लग्नाहळदीला फॉरेनची, ठेवणीतल्या लुगड्यासारखी. मी जळून कोळसा झाले.

होळीला मी भांडलेच. "वहिनी, इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवलो आपण. बाटलीची वाटणी न्हाय का?"

तिनं फ्रिज उघडून बाटली माझ्या हातावर ठेवली. "घे गो कमळे. तुझ्यापेक्षा काय जास्त हाय का?"

खोक्यावरची तारीख मी स्वतः वाचली, पुढच्या वर्षाची होती. माझी साधी बाटली दिली फेकून. आता एवढं भारी औषध रोज उधळायचं थोडंच? दोन-दोन दिवसांआड घालत होते. मृणालीनं विचारलं, "थेंब घातले?" की म्हणायचे, "घातले गो बाय."

आषाढात दोघी तपासणीला गेलो. ठकुबाईच्या डोळ्यांचं प्रेशर झकास. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं. "थेंब कुठले घालता?"

मी ऐटीत बाटली काढली.

"ही कधी फोडली?"

"गणपतीत."

"अहो कमळाबाई! खोक्यावरची तारीख बंद बाटलीची असते. फोडली की महिन्याभरात टाकायची. रोज घालत होता ना?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलीय. ती परत येत नाही. उरलेली सांभाळू."

"आणि माझी साधी बाटली?"

"तीच रोज घातली असती तर पुरे होतं."

डाव्या बाजूनं हुंदका आला. "मीच दिली गो तुला, माझ्या हातानं." मान पुरती वळवली तेव्हा कुठं ठकुबाई दिसली. पदरानं डोळे पुसत होती, पुन्हा भरत होते.

मला तिची दया यायला हवी होती, निदान माझी तरी. पण आग लागो या मेल्या मनाला! एवढंच वाटलं, हिला रडायलासुद्धा धड डोळे हायेत.