सॉरीचं जेवण

"काका, सॉरी हां."

एवढंच. माझ्या मुलाने, सर्वेशने, फोनवर बोलून पाठवून दिलं, मागोमाग जोडलेल्या हातांचं एक पिवळं चित्र पाठवलं आणि साहेब आंघोळीला गेले. आत गाणं म्हणत होते. मी मागच्या पडवीत विळीवर मासळी कापत बसले होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

झालं होतं ते असं. रविवारी बंदरावरच्या नोकरीला सुट्टी, म्हणून सर्वेश आणि त्याचा दोस्त नितेश आमची होडी घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत फिरायला गेले. नितेश मोबाईलवर शूटिंग करतोय, सर्वेश इंजिनावर. शेजारच्या दत्ताराम भावोजींनी तिथे जाळं टाकलेलं. दोन्ही टोकांना काठ्या, काठ्यांवर लाल फडकी. ती दिसत नव्हती म्हणायची सोय नाही. पण शूटिंगमध्ये स्वतःचं तोंड दिसतं, फडकं कुठलं दिसायला! दोघे मधूनच गेले आणि नवं कोरं जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंडाळून फाडून ठेवलं.

आणि कुणाचं? माझा नवरा गेला तेव्हा "वयनी, होडी इकू नको, पोराला लागंल," असं सांगणाऱ्या माणसाचं. दर पावसाळ्याआधी ती होडी स्वतः ओढून वर घेणाऱ्याचं. ज्या होडीने जाळं फाडलं ती त्यांनीच राखलेली.

आमच्या वाडीत याला एक रीत आहे. ज्याने फाडलं त्याने जाळेवाल्याच्या अंगणात बसायचं आणि आपल्या हाताने शिवायचं. शिवून होईपर्यंत त्याची होडी पाण्यात जात नाही आणि दुसरं कुणी त्या जाळ्याला हात लावत नाही, जाळेवालासुद्धा. एकदा बसून गाठी मारल्या की माणूस जन्मभर फडकी बघून इंजिन सोडतो. यात तोंडाने काही बोलावं लागत नाही.

आता मात्र सगळं तोंडानेच. एसटी रद्द झाली, सॉरी. दवाखान्यात डॉक्टरच आले नाहीत, सॉरी. लाईट गेली म्हणून फोन लावावा तर कुणी बाई गोड गळ्याने आधी सॉरी म्हणते, मग तासभर गाणं ऐकवते. नितेश तर जांभई देतानाही सॉरी म्हणतो. बालवाडीच्या शमिकाबाई माझ्याकडून मासळी घेतात, त्यांनी सांगितलं की इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ जिवाला दुखणं. असेल. पण दुखणं तिकडेच बोटीत राहिलं आणि आमच्याकडे नुसता शब्द उतरला.

सर्वेश डोकं पुसत बाहेर आला तसं मी म्हटलं, "काकांच्या अंगणात जाऊन बस."

"आये, सॉरी बोललंय ना मी! आता काय पाया पडू त्यांच्या?"

"पाया नको पडू. जाळं शीव."

"माजी शिफ्ट हाय. पायजे तर रत्नागिरीतनं मानूस आनतो शिवायला."

माणूस आणतो! उद्या माझ्या तेराव्यालाही माणूस आणशील, म्हटलं.

पोरगा हलेना, म्हणून मीच गेले. जाळं माडांना टांगून ठेवलेलं, मधलं भगदाड एवढं की त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता. मी सुई-दोरा घेऊन बसले. भावोजींनी माझ्या हातातून सुई काढून घेतली.

"तुमचा हात नको, वयनी. फाडलान तो येऊं दे."

"बांगडा लागलाय भावोजी. सगळे होड्या भरून आनतायत."

"लागूं दे."

आवाजात राग नव्हता, त्याचीच भीती वाटली मला. रागावलेला माणूस कधीतरी निवतो. हा माणूस एखाद्या सकाळी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकील आणि आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यातली ये-जा करायची वाट कायमची बंद होईल. सर्वेशला बाप नाही, काका आहेत. तेही जातील, आणि तो फोनवर सॉरी पाठवून मोकळा होईल.

त्या संध्याकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरला, हातपाय धुऊन ताटावर बसला.

"आये, वाढ."

"सॉरी."

"म्हंजे?"

"जेवान नाय केलं. सॉरी हां." मी दोन्ही हातही जोडले, त्या चित्रातल्यासारखे.

तो हसला. नाक्यावर जाऊन वडापाव खाऊन आला. सकाळी चहा नाही, सॉरी. डबा नाही, सॉरी. कंपनीचे कपडे तसेच बादलीत भिजलेले, सॉरी रे बाळा, अगदी मनापासून सॉरी. पोटचं पोर उपाशी निघालेलं बघून माझा जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. मीही जेवत नव्हते. पण चूल काही मी पेटवली नाही.

शेवटी त्याने रिकामं ताट आपटलं. "आये, सॉरीनं पोट भरतंय काय कुनाचा?"

याच वाक्यासाठी मी उपाशी थांबले होते.

"काकांचा भरतंय ना? मग तुजा कसा नाय भरत?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग उठला, चपला न घालताच गडगा ओलांडून गेला. मी इकडून बघत होते. भावोजी अंगणात चटईवर बसलेले. सर्वेश समोर उभा राहिला, तोंड उघडलं. तो शब्द ओठावर आलेला मला इथून दिसला. त्याने तो गिळला.

"काका, चुकलं माजं. कुठनं सुरू करू?"

भावोजी चटईवर सरकले आणि सुई त्याच्या हातात दिली. पहिल्या सगळ्या गाठी चुकल्या. भावोजींनी जाळ्याला हात न लावता त्या दाखवल्या, त्याच्याकडूनच सोडवून घेतल्या आणि पुन्हा मारायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर रजा टाकली. उन्हं वर आली तसा नितेश मोटारसायकलवरून आला, रस्त्यावरूनच ओरडला, "काय रे हे? सॉरी बोल नि सूट ना!"

सर्वेशने मान वर केली नाही.

"होडीत तू पन होतंस. बस."

आणि चटईवर जागा करून दिली. नितेशने गाडीकडे बघितलं, मग भावोजींकडे. भावोजी दुसऱ्या सुईत दोरा भरायला लागले होते. नितेशने हळूच गाडी बंद केली.

मी घरात गेले आणि चूल पेटवली.